अनोळखी पुरुष, धुळे

प्रशील घरात आला की आधी भिंतीवरचा प्लग शोधायचा आणि मग माणसं. द्रौपदाबाईला त्याची ही रीत मुळीच खपत नसे. दाराशी चपला काढताना डोळे मोबाइलवर, पाण्याचा तांब्या घेताना डोळे मोबाइलवर, आणि "कशी शे मोठी माय?" हेसुद्धा तो त्या मोबाइलकडे बघूनच विचारायचा. उत्तर मोबाइलनेच द्यावं, अशी वेळ. ही तक्रार तिने शेजारच्या बेबाबाईकडे केली होती, साक्रीला दिलेल्या लेकीकडे, शिल्पाकडे फोनवर केली होती, आणि खुद्द प्रशीलच्या तोंडावर तर दर रविवारी करायची. तो हसायचा. म्हातारी बोलते, तिला बोलू द्यावं, असं त्याचं हसणं.

पण आबा हरवल्यापासून त्या हसण्याचासुद्धा तिला राग यायला लागला.

आबा म्हणजे तिचा नवरा, भटू दगा बैसाणे, वय अठ्ठ्याहत्तर. प्रशील हा आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि बाप सुरतेला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. द्रौपदाबाईने शिल्पाला आणि याला एका ताटात वाढवलं. स्वतः दुसरी यत्ता शिकलेली बाई, पण हा पंधरावी होईपर्यंत त्याला तिने कापसाच्या शेतात पाऊल ठेवू दिलं नाही. आता तो जळगावला मोठ्या साहेबांच्या ऑफिसात कंत्राटावर होता. त्याचं काम काय, हे गावात सांगायला तिने पाठ केलं होतं. सरकारची सगळी खाती आता कॉम्प्युटरवर आली आहेत, तर एक खातं दुसऱ्या खात्याला विचारतं का, विचारलं तर ते सांगतं का, किती दिवसांत सांगतं, हे तपासायचं आणि खात्यांना मार्क द्यायचे. मास्तरांचा मास्तर, असं ती म्हणायची. तलाठ्याला तर तिने भर चावडीत ऐकवलं होतं की जपून राहा, आमचा प्रशील तुला नापास करील.

तिचं गाव जळगाव जिल्ह्यातलं शेवटचं. गावाखालच्या नाल्यापलीकडे धुळे जिल्हा लागतो. जळगावला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. धुळ्याची मोटर पाऊण तासात पोचवते. बाजार धुळ्याचा, दवाखाना धुळ्याचा, चष्मा धुळ्याचा. फक्त कागद जळगावचे.

आबांनी बावीस वर्षं धुळ्याच्या एका गिरणीत काढली होती. रोज सकाळची मोटर, रोज रात्रीची परत. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण दोन वर्षांपासून आबांचं मन मागे जाऊन बसलं होतं. सकाळी उठायचे, सदरा घालायचे, टोपी घालायचे आणि म्हणायचे, ड्युटीले जास. द्रौपदाबाई दारात उभी राहायची आणि सांगायची, "आज सुट्टी शे." मग आबा मुकाट्याने टोपी काढून खाटेवर बसायचे. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी तिचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

चौदा एप्रिलला सकाळी सगळ्या बायका विहाराकडे निळ्या पताका बांधायला गेल्या. जयंतीचा दिवस. द्रौपदाबाई गेली नसती तर पताका सरळ लागल्या नसत्या, असं तिचं मत होतं, म्हणून ती गेली. त्या दिवशी खरोखरच सुट्टी होती, आणि ते आबांना सांगायला घरात कुणी नव्हतं.

ती परतली तेव्हा खाट रिकामी होती.

संध्याकाळपर्यंत प्रशील जळगावहून आला. ठाण्यात त्यानेच तक्रार लिहवली, कारण आता तिथे कागद नसतो, तिथला पोऱ्या कॉम्प्युटरवर खाने भरतो. नाव, वय, रंग, उंची, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर गिरणीच्या यंत्रात गेलेलं, बायकोचं नाव द्रौपदाबाई. हरवल्याचं ठिकाण या खान्याशी आल्यावर प्रशीलने गावाचं नाव सांगितलं, जिल्हा जळगाव. द्रौपदाबाई मागे बाकावर बसली होती. ती म्हणाली, "धुयं लिख. त्या धुयाले गया."

प्रशीलने तिला शांतपणे समजावलं. माणूस कुठून हरवला ते लिहायचं असतं, कुठे गेला असेल त्याला फॉर्मात जागाच नाही. तिला ते पटलं नाही. पण ठाण्यातल्या पोऱ्यानेही मान डोलावली, आणि दोन शिकलेली माणसं एकसारखी मान डोलावतात तेव्हा द्रौपदाबाईसुद्धा गप्प बसायची, वर्षातून एखाद्या वेळी.

गावची पोरं दोन दिवस धुळ्याच्या स्टँडवर आबांचा फोटो घेऊन फिरली. गिरणीच्या जागेवर आता दुकानं आहेत, तिथेही विचारून आली. तिसऱ्या दिवशी द्रौपदाबाईने पिशवीत भाकरी बांधली आणि सांगितलं की आता मी जाते, धुळ्याचे सगळे दवाखाने बघते. एवढ्या उन्हात म्हातारं माणूस चालेल किती. पडलं असेल तर कुणी दवाखान्यातच नेलं असेल. प्रशील तेव्हा उंबऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मोठी माय, दवाखान्यांच्या याद्या पोलिसांना जोडलेल्या आहेत. अनोळखी माणूस दाखल झाला की तासाभरात दिसतो. तू उन्हात पडलीस तर मी कुणाकुणाला शोधू?"

तिने पिशवी सोडली. भाकरी बेबाबाईच्या बकरीला घातली. सासऱ्याचं न ऐकलेली, नवऱ्याचं न ऐकलेली, सरपंचाला ओट्यावरून खाली उतरवणारी बाई, पण ज्याला आपण शिकवलं त्याचं तरी ऐकावं, असं तिला त्या दिवशी वाटलं.

सहाव्या दिवशी प्रशीलच्या मोबाइलवर निरोप आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. ती आनंदाने उठलीच होती, की आबा सापडले. तसं नव्हतं. ठाण्याने तक्रार जिल्ह्याच्या शोधकक्षाकडे पाठवली होती, म्हणून ठाण्यापुरती ती निकाली. पुढे शोधकक्षाने यादी बघितली, नाव मिळालं नाही, म्हणून शोधकक्षापुरतीही निकाली. प्रशीलने सांगितलं की यात काळजीचं काही नाही, अशीच पद्धत असते, तक्रार आत जिवंत असते.

त्यानंतर दर रविवारी एकच बोलणं व्हायचं.

"आबा कोठे शेतस?"

"सिस्टिममा शेतस, मोठी माय."

मे महिन्यात शिरपूरला भाचीच्या पोरीचं लग्न झालं. द्रौपदाबाई जायला तयार नव्हती. आबा नसताना कशी जाऊ. पण शिल्पा म्हणाली, अशी घरात बसलीस तर लोक वाईट बोलतील, जसं काही झालंच आहे. मग ती गेली. कासाराकडून हातभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, पंगतीत सुवासिनींच्या ओळीत बसली, आणि कुणी दबक्या आवाजात विचारलंच तर मान वर करून सांगितलं की आमच्या प्रशीलचं लक्ष आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी प्रशील आला तो हातात टॅब घेऊन. आल्याआल्या प्लग. मग तिच्या शेजारी ओट्यावर बसला आणि म्हणाला की मोठी माय, तुझा एक फॉर्म भरायचा आहे. जिल्ह्यातल्या हजारो तक्रारींतून कॉम्प्युटरने काही निवडल्या होत्या, त्यात आबांची आली होती. तक्रारदाराला भेटायचं, प्रश्न विचारायचे, खात्यांनी आपसात कसं काम केलं याचे मार्क काढायचे. घरच्या माणसाचा फॉर्म घरच्याने भरू नये असा नियम होता म्हणे. पण गावात यायचंच होतं, दुसऱ्या कुणाला कशाला पाठवा.

त्याने विचारलं, किती कार्यालयांशी संबंध आला. तिने बोटांवर मोजलं. ठाणं, शोधकक्ष, ग्रामपंचायत, तहसील. त्याने चार लिहिले.

एकदा दिलेले कागद पुन्हा दुसऱ्या कार्यालयाने मागितले का? ती म्हणाली, नाही बाबा, कुणी काहीच मागितलं नाही, कुणी काही विचारलंच नाही. त्याने बोट टेकवलं. तिने वाकून बघितलं, खूण हिरवी झाली होती.

"हाई काय?"

तो म्हणाला, पुन्हा कागद मागितले नाहीत म्हणजे चांगलं. पूर्ण मार्क.

कार्यवाही मुदतीत झाली का? सहाव्या दिवशी निरोप आला होता, मुदत पंधरा दिवसांची होती. हिरवी खूण. एका खात्याने दुसऱ्याला माहिती पाठवली का? ठाण्याने शोधकक्षाला त्याच दिवशी पाठवली. हिरवी खूण. द्रौपदाबाई बघत राहिली. फॉर्म झेंडूच्या रोपासारखा वरून खाली हिरवा होत चालला होता आणि खाट मात्र तशीच रिकामी होती.

शेवटचा प्रश्न, आपण समाधानी आहात का. तिने विचारलं, माणूस कुठे आहे? तो म्हणाला, यात हो, नाही, सांगता येत नाही, अशी तीनच उत्तरं आहेत. त्याने तिच्याकडे न बघता तिसरं दाबलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला 'नाही' दाबवलं नाही, एवढंच. 'नाही' दाबलं की खाली कारण लिहावं लागतं.

तो टॅब मिटत होता तेव्हा तिने विचारलं, यात धुळं कुठे आहे?

"धुळ्याचं वेगळं आहे, मोठी माय. आमचा अहवाल जळगावपुरता."

तिने पुन्हा विचारलं. मग तिकडचं इकडे दिसतं कसं? तो म्हणाला, दिसत असेल ना, ते पोलिसांचं बघणं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, असेल का आहे? तो जरा त्रासला. म्हणाला, तिकडचे लोक वेगळे, तिकडची यादी वेगळी, आपल्याला एवढं खोलात कशाला जायचं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. तिकडची यादी वेगळी. दुसरी यत्ता शिकलेल्या बाईला एवढं कळायला तेवढे तीन शब्द पुरले, आणि पन्नास दिवस हे आपल्याला कुणी या शब्दांत का सांगितलं नाही, हे मात्र कळेना.

सकाळी तिने बेबाबाईला बरोबर घेतलं. बेबाबाई दर सोमवारी भाजी घेऊन धुळ्याला जायची, तिला शहराच्या वाटा माहीत होत्या. कंडक्टरने द्रौपदाबाईला तिकीट किती वयाचं म्हणून विचारलं आणि तिला एकदम आठवलं की पंचाहत्तरच्या पुढे मोटर फुकट असते. आबांच्या खिशात दमडी नव्हती म्हणून ते लांब गेले नसतील, असं सगळे म्हणत होते. त्यांना दमडी लागतच नव्हती. ती पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत बसली आणि बेबाबाईशी एक शब्द बोलली नाही, हे बेबाबाईने पुढे गावभर नवल म्हणून सांगितलं.

दोन दवाखान्यांतून त्या हात हलवत निघाल्या. तिसरा मोठा होता, सरकारी. खिडकीतल्या मुलाने भटू दगा बैसाणे असं नाव टाकलं आणि सांगितलं, असं कुणी आलेलं नाही. तिच्या मागे रांग होती. द्रौपदाबाई हलली नाही. ती म्हणाली, दादा, नावाने नको शोधू, ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही असा माणूस शोध. मुलाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग दुसरं पान उघडलं. एप्रिल महिन्यात अनोळखी पुरुष अकरा. चौदा तारखेला एक, दुपारी अडीच वाजता. उष्माघात, रस्त्यावर बेशुद्ध, रुग्णवाहिकेने आणला. खूण, उजव्या करंगळीचं पेर नाही.

"कोणत्या खाटेवर आहेत?" तिने विचारलं.

मुलगा पडद्यावर खाली गेला. मग तो उठून बाहेर आला, तिला बाकावर बसवलं, आणि दवाखान्यातल्या पोलीस चौकीत निरोप पाठवला.

आबा तीन मे रोजी गेले होते. एकोणीस दिवस जिवंत होते. तिच्या गावापासून पाऊण तासावर, पंख्याखाली, दुसऱ्या मजल्यावर.

चौकीतल्या जमादाराने फोटो दाखवला. दाढी केलेली, दवाखान्याचा सदरा, डोळे मिटलेले. तिने तो पडदा दोन्ही हातांनी धरला, जमादाराने धरू दिला. तिने एवढंच विचारलं की जळगावला कळवलं नाही का. त्याला ते लागलं. त्याने स्वतःचं पान उघडून दाखवलं, की बघा अक्का, त्याच दिवशी टाकलं आहे, फोटो आहे, करंगळी आहे, बायकोचं नाव द्रौपदा एवढं ते सांगत होते तेही टाकलं आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना गेलं, सगळ्यांनी बघितलं, कुणाकडे अशी हरवल्याची तक्रार नव्हती. कुठल्या जिल्ह्यातल्या ठाण्यांना, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आमच्या. आणि मग त्याचा हात माउसवरच थांबला. त्याच्याही पानावर सगळ्या खुणा हिरव्या होत्या.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला आणि स्वतः वरच्या मजल्यावर जाऊन पुनम नावाच्या नर्सला घेऊन आला.

पुनम शिरपूरकडची, पंचविशीची. तिने सांगितलं की बाबांचा त्रास काही नव्हता. पेज भरवली की खायचे. सकाळ झाली की उठून बसायचे आणि सदरा मागायचे. मला द्रौपदा म्हणायचे, ती म्हणाली. पाणी दे द्रौपदा. सुट्टी का आज, द्रौपदा. मी नाही म्हटलं की फार घाबरायचे, म्हणून मग हो म्हणायला लागले. चाललं ना आजी तसं?

बावन्न वर्षांत आबांनी घरात तिला नावाने हाक मारली नव्हती. आधी 'ओ' आणि पुढे 'शिल्पानी माय'. द्रौपदाबाईने त्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, चाललं बाई. लई चांगलं केलंस.

नऊ दिवस वाट बघून त्यांना पुरलं होतं. झिपरू नावाच्या कामगाराने नेऊन दाखवलं, नदीकडच्या मोकळ्या मैदानात, एका ओळीत लोखंडी पट्ट्या रोवलेल्या, प्रत्येकीवर आकडा. झिपरू म्हणाला, एकवीस. तिथे माती जरा खचली होती आणि वर गवत आलं होतं. बेबाबाई मोठ्याने रडायला लागली. द्रौपदाबाईने तिला गप्प केलं, चप्पल काढली, खाली बसली आणि जवळच्या दगडावर एकेक करून बांगड्या फोडल्या. शिरपूरच्या लग्नातल्या हिरव्या. त्या लग्नाच्या दिवशी आबांना जाऊन आठ दिवस झाले होते.

मग तिने हात जोडून त्रिशरण म्हटलं. मधेच अडली, तेव्हा झिपरूने पुढची ओळ धरून दिली.

घरी आल्यावर तिने शिल्पाला बोलावून घेतलं, पण सांगितलं की प्रशीलला फोन करायचा नाही. रविवारी येईल तेव्हा मी बघेन. गावालाही तशी ताकीद दिली, आणि तिची ताकीद मोडायची गावात कुणाची हिंमत नव्हती. ग्रामपंचायतीच्या पोऱ्याने आबांच्या मृत्यूच्या दाखल्याचं विचारलं, तेव्हा कळलं की दाखला धुळ्यात निघेल, तोही अनोळखी पुरुषाचा, आणि तो पुरुष भटू दगा बैसाणे होता हे जळगावच्या कागदांवरून सिद्ध करावं लागेल. ती म्हणाली, करू. आता मला वेळच वेळ आहे.

रविवारी प्रशील आला. त्याला वाटेत कुणी काही सांगितलं नाही. आला तो खुशीत होता. प्लग शोधला, मोबाइल लावला, आणि पाठमोराच सांगायला लागला की अहवाल पूर्ण झाला, खात्यांच्या आपसातल्या मेळाला जिल्ह्याला शंभरात एक्याऐंशी मिळाले, मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. मग वळला. तिचे उघडे हात त्याला दिसायला थोडा वेळ लागला.

शिल्पाने त्याला सांगितलं. द्रौपदाबाईने सांगू दिलं. तो खाली बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसा, आवाज न करता रडला. पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला की मला वाटलं जोडलेलं आहे. मला वाटलं जोडलेलं असेल.

तिने त्याला रडू दिलं. पाणी दिलं. मग म्हणाली, तुझा तो अहवाल काढ आणि त्यात धुळं कुठे आहे ते मला वाचून दाखव.

त्याला काढायचा नव्हता. तिने हात पुढे केला तेव्हा काढला. बराच वेळ बोटाने वर सरकवत गेला, मग थांबला. शेजारच्या जिल्ह्यांशी माहितीची देवाणघेवाण, असा एक खाना होता. त्यापुढे दोन शब्द होते. त्याने ते फार हळू वाचले. लागू नाही.

"कुनी लिखं हाई?"

मी, तो म्हणाला. पोलिसांच्या माणसाने सांगितलं की असं काही जोडलेलं नाही, अजून व्हायचं आहे. त्याला शून्य दिलं असतं तर सगळ्यांचा आकडा खाली आला असता. म्हणून लागू नाही लिहिलं. सगळे तसंच लिहितात.

तिने विचारलं, कधी लिहिलंस? तो बोटाने वर-खाली सरकवत राहिला. तिने पुन्हा विचारलं. अहवालात प्रत्येक खान्याची तारीख असते, ती त्याने वाचली. बावीस एप्रिल.

द्रौपदाबाईने बोटांवर मोजलं. चौदाला गेले. बावीस म्हणजे आठवा दिवस. त्यापुढे अकरा दिवस आबा पेज खात होते. शिल्पा तोंडावर पदर घेऊन आत निघून गेली.

प्रशील म्हणाला, मला मार. पाहिजे ते बोल, पण बोल. मोठी माय, मी मुद्दाम नाही केलं.

मग बोलली ती घरच्या भाषेत नाही. तहसीलदाराशी, डॉक्टरशी, परक्या माणसाशी बोलायला म्हणून तिने जी शहरी मराठी राखून ठेवली होती, त्या मराठीत, एकेक शब्द सावकाश ठेवत बोलली.

"मुद्दाम केलं असतंस तर मी तुला दोन थोबाडीत मारून मोकळी झाले असते. त्या नर्सने त्यांना एकोणीस दिवस भरवलं, ती परकी होती. त्या जमादाराने त्यांचा फोटो टाकला, तो परका होता. हा माणूस कुणाचा, हे त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. ते धुळ्याला गेले, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धुळ्याचं इकडे दिसत नाही, हे तू आठव्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलंस. या दोन्ही गोष्टी सगळ्या जगात एकट्या तुझ्याजवळ होत्या, प्रशील, एकाच डोक्यात, आणि तू त्या एकमेकींना कळू दिल्या नाहीस. मी तुझं ऐकून पिशवी सोडली, तो माझा गुन्हा. तो मी कुणावर घालणार नाही, माझ्याबरोबर नेईन. तू या घरात ये, जेव, झोप, तो तुझा हक्क आहे आणि तो मी काढत नाही. पण उद्या मी कुठे पडले, हरवले, तर मला शोधायला कुणी जायचं, ते मी शिल्पाला सांगून ठेवलंय. तिने जायचं, बेबाबाईने जायचं. तू जायचं नाहीस."